दोन खतावण्या, एक नदी

११ नोव्हेंबर १८१३. कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर काठावर, जॉन क्राइस्लर नावाच्या माणसाच्या शेतात अमेरिकन आणि ब्रिटिश फौजांची गाठ पडली. अमेरिकन सैन्य नदीच्या वाटेने मॉन्ट्रियल घ्यायला निघाले होते. संख्येने कितीतरी मोठे असूनही ते हरले आणि ती मोहीम तिथेच बारगळली.

ती रणभूमी आज बहुतांशी पाण्याखाली आहे. १९५८ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून नदीवर धरण घातले, त्यामागे सरोवर भरले आणि त्यात ते शेत बुडाले. लढाईचे स्मारक तेवढे जवळच्या उंचवट्यावर हलवण्यात आले. एकेकाळी परस्परांच्या मुलखात घुसण्याची वाट असलेली नदी दोघांनी मिळून मालवाहतुकीला दिली, याला दोन देशांच्या मैत्रीचे फळ म्हणण्याची रीत आहे. प्रत्यक्षात सेंट लॉरेन्स सीवेची, म्हणजे या जलमार्गाची, कथा मैत्रीपेक्षा व्यवहाराची अधिक आहे.

दोन अडथळे

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ओंटारिओ ही पाच महासरोवरे आहेत. त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ चार पंचमांश. या साऱ्यांचे पाणी सेंट लॉरेन्समधून अटलांटिकला मिळते. सुपीरियरच्या काठावरचे डलूथ बंदर महासागरापासून सुमारे ३,७०० किलोमीटर आत आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १८३ मीटर उंच आहे. जहाजाला तिथवर पोचायचे तर ही सारी उंची चढावी लागते.

चढण सलग असती तर प्रश्न सोपा होता, पण नदी मध्येच पायऱ्या घेते. १५३५ साली फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए आजच्या मॉन्ट्रियलपर्यंत आला आणि पुढची खळाळती धावणी पाहून थांबला. ती कशीबशी ओलांडली, तरी ईरी आणि ओंटारिओ या दोन सरोवरांच्या मध्ये नायगारा उभा.

पहिल्या अडथळ्याला वळसा घालणारा लाशीन कालवा १८२५ साली खुला झाला. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेने ईरी कालवा पुरा केला. बफेलोहून हडसन नदीपर्यंत जाणाऱ्या त्या कालव्याने सरोवरांकाठचा माल सेंट लॉरेन्सकडे जाऊ न देता परस्पर न्यूयॉर्कला वळवला. न्यूयॉर्कचे वैभव बरेचसे त्या पाण्यावर वाढले. पुढे सव्वाशे वर्षे सेंट लॉरेन्सच्या प्रत्येक योजनेला पूर्वकिनाऱ्याने विरोध का केला, याचे मूळ इथे आहे.

नायगाराला वळसा घालण्याची खटपट सेंट कॅथरिन्सच्या विल्यम हॅमिल्टन मेरिट या गिरणीमालकाने केली. त्याची मूळ गरज साधी होती. त्याच्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी पुरत नसे आणि गिरणी अडे. पाणी आणण्याचा विचार वाढत वाढत जहाजांच्या कालव्यापर्यंत गेला. १८२९ मध्ये पहिला वेलंड कालवा सुरू झाला, तेव्हा त्यावर चाळीस लाकडी लॉक होते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांबट हौद: जहाज आत घ्यायचे, दरवाजे लावायचे, वरचे पाणी आत सोडायचे, की पाण्याबरोबर जहाज वर येते. उतरताना याच्या उलट. पंप लागत नाही, पाणी आपल्या भाराने भरते आणि रिते होते. वेलंड पुढे तीनदा नव्याने बांधला गेला. १९३२ साली पुऱ्या झालेल्या चौथ्या कालव्यात आठच लॉक आहेत आणि ते जहाजाला सुमारे ९९.५ मीटर चढवतात.

आता मोठी जहाजे सुपीरियरपासून ओंटारिओ सरोवराच्या खालच्या टोकापर्यंत येऊ लागली. अडले ते तिथून मॉन्ट्रियलपर्यंतच्या टप्प्यात. तिथे जुने २२ लॉक होते, खोली अवघी १४ फूट. मोठ्या जहाजातला गहू उतरवून सुमारे ३ हजार टनांच्या छोट्या जहाजांत भरायचा आणि मॉन्ट्रियलला पुन्हा उतरवायचा. माल जितक्या वेळा हात बदलतो, तितका महाग होतो. साऱ्या मार्गाची किंमत या एका चिंचोळ्या तुकड्याने ठरत होती.

वीस वर्षांचे 'नाही'

हा तुकडा खोल करणे एकट्याच्या हाती नव्हते. कॉर्नवॉलच्या वरच्या अंगाला नदीच्या मधोमध सरहद्द आहे. १९०९ च्या सीमाजल कराराने ठरले होते की सरहद्दीवरच्या पाण्याची पातळी बदलायची तर दोघांच्या संयुक्त आयोगाची परवानगी हवी. शिवाय प्रश्न केवळ जहाजांचा नव्हता. त्याच उतारावर प्रचंड वीज मिळणार होती आणि ओंटारिओ प्रांताला व न्यूयॉर्क राज्याला ती हवी होती.

१८ जुलै १९३२ रोजी दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या. अमेरिकेत अशा कराराला सिनेटची दोन तृतीयांश संमती लागते. मार्च १९३४ मध्ये मतदान झाले: बाजूने ४६, विरोधात ४२. बहुमत मिळाले, करार पडला. १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आणि कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांच्या सरकारांनी नवा करार केला. साध्या बहुमताने तो मंजूर व्हावा अशी मांडणी होती, पण युद्ध आले आणि काँग्रेसने त्याला हिरवा कंदील दाखवलाच नाही.

विरोधकांची यादी मोठी होती. रेल्वे कंपन्यांना गव्हाचे आणि खनिजाचे भाडे जाण्याची धास्ती, न्यूयॉर्क, बॉस्टन, बाल्टिमोर या बंदरांना धंदा जाण्याची, कोळसा खाणवाल्यांना स्वस्त विजेची. एकेकट्याचा विरोध मोडता आला असता. एकत्र आल्यावर तो वीस वर्षे पुरला.

चित्र पालटले ते दुसऱ्या महायुद्धाने. युद्धात अमेरिकेच्या पोलादाला मिनेसोटातील मेसाबी डोंगररांगेचे लोहखनिज अखंड लागले आणि तिथले उत्तम प्रतीचे साठे आटू लागले. त्याच सुमारास कॅनडाच्या लॅब्राडोर-क्वेबेक सीमेवर मोठे साठे सिद्ध झाले. ते अमेरिकी पोलाद कारखान्यांपर्यंत न्यायचे तर सेंट लॉरेन्स नदीतून वरच्या अंगाला. कालपर्यंत विरोधात असलेल्या पोलाद कंपन्या आता सीवेच्या बाजूने बोलू लागल्या.

निर्णायक चाल मात्र कॅनडाने केली. पंतप्रधान लुई सेंट लॉरेंट यांच्या सरकारने डिसेंबर १९५१ मध्ये संसदेत कायदा करून सेंट लॉरेन्स सीवे प्राधिकरणाची तरतूद केली. संदेश स्पष्ट होता: तुम्ही येणार नसाल तर सारा मार्ग आमच्या बाजूने, आमच्या पैशाने, आमच्या टोलवर बांधू. वॉशिंग्टनमध्ये आता प्रश्न बदलला. सीवे हवा की नको हा वाद मागे पडला. आपल्या देशाच्या पोटात जाणाऱ्या जलमार्गावर आपला शब्द चालणार की नाही, हा पुढे आला. विस्कॉन्सिनचे सिनेटर अलेक्झांडर वायली आणि मिशिगनचे प्रतिनिधी जॉर्ज डोंडेरो यांच्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १३ मे १९५४ रोजी सही केली.

इथे गंमत अशी की तोवर कॅनडात एकट्याने बांधण्याची हौस चांगलीच चढली होती. अमेरिकेचा होकार अनेकांना नकोसा वाटला. शेजाऱ्याला दुखवणे परवडणारे नव्हते म्हणून सहभाग मान्य झाला, पण हात राखून. इरोक्वॉ येथे लॉक अमेरिकन बाजूला बांधता आला असता. कॅनडाने तो आपल्या हद्दीत बांधायचे जाहीर करून टाकले. अमेरिकेच्या वाट्याला न्यूयॉर्क राज्यातील मसीनाजवळचे दोन लॉक आले, स्नेल आणि आयझेनहॉवर. मॉन्ट्रियल ते ईरी सरोवर अशा एकूण १५ लॉकपैकी १३ कॅनडाचे, २ अमेरिकेचे. पुढेमागे एकट्याचा मार्ग काढायचा झाला तर तीही सोय राहावी, याची काळजी कॅनडाने बांधकामाच्या आखणीतच घेतली होती.

घरे चाकांवर

१० ऑगस्ट १९५४ रोजी कामाला सुरुवात झाली. वीज प्रकल्पाची धुरा न्यूयॉर्कचे रॉबर्ट मोझेस आणि ओंटारिओ हायड्रोचे रॉबर्ट सॉन्डर्स यांच्याकडे होती; सॉन्डर्स पुढल्याच वर्षी विमान अपघातात गेले. दोघांच्या नावाचे धरण सरहद्दीवर आडवे उभे आहे. त्यात ३२ जनित्रे आहेत, त्यांपैकी १६ एका देशाची आणि १६ दुसऱ्याची. वीजघर एकच, मधून सरहद्द.

काम कठीण होते. मसीनाजवळची हिमनदीने आणून टाकलेली माती कोरडी असता सिमेंटसारखी घट्ट आणि भिजली की चिखल; तिच्यात यंत्रे रुतली आणि कंत्राटदारांचे अंदाज कोसळले. मॉन्ट्रियलला उंच जहाजांसाठी जाक कार्तिए पूल वाहतूक चालू ठेवून उचलावा लागला. व्हिक्टोरिया पुलाला लॉकच्या दोन्ही टोकांशी उचलता येणारे भाग जोडले; एका बाजूचा पूल जहाजासाठी वर गेला की गाड्या दुसऱ्या बाजूने जातात. जलमार्गाचा खर्च सुमारे ४७ कोटी डॉलर झाला, त्यांपैकी जवळजवळ ३४ कोटी कॅनडाचे. वीज प्रकल्पाचा खर्च वेगळा.

आणखी एक खर्च कुठल्याच खात्यात पुरता मांडला गेला नाही. धरणामागच्या सरोवरासाठी ओंटारिओच्या काठावरील सुमारे ६,५०० माणसांना उठावे लागले. मिल रोशेस, मूलिनेट, वेल्स, डिकिन्सन्स लँडिंग, फॅरन्स पॉइंट, ऑल्ट्सव्हिल ही गावे नकाशावरून गेली. आज त्यांना 'हरवलेली गावे' म्हणतात. पाचशेहून अधिक घरे प्रचंड चाकांच्या यंत्रांनी उचलून इंगलसाइड आणि लाँग सो या नव्या वसाहतींत नेली. कपाटातील कपबश्या जागच्या जागी ठेवा, असे घरमालकांना सांगितले जाई. विटांची घरे, दुकाने, चर्च मात्र पाडली किंवा जाळली गेली. वाटेत दफनभूमी आल्या, त्यांतल्या काही कबरी हलवल्या, बाकीच्यांवर दगड अंथरले. सीवेसाठी आयुष्यभर झगडलेले आणि प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झालेले लायनेल शेव्रिए हे याच भागातील स्टॉर्माँट मतदारसंघाचे खासदार होते. बुडाली त्यांतली कितीतरी गावे त्यांच्याच मतदारांची होती.

मॉन्ट्रियलसमोरच्या कानावाके येथील मोहॉक लोकांचे नुकसान वेगळ्या जातीचे झाले. त्यांची जमीन सक्तीने घेऊन तिच्यातून कालवा काढला, आणि शेकडो वर्षे नदीकाठी राहिलेले गाव नदीपासून तुटले. नुकसानभरपाईचा निवाडा पैशात झाला. मासेमारीचा काठ पैशात मोजता येत नव्हता.

१ जुलै १९५८ रोजी सकाळी पाणी अडवून धरणारा तात्पुरता बांध स्फोटकांनी उडवला आणि काही दिवसांत सरोवर भरले. २५ एप्रिल १९५९ रोजी 'दीबर्व्हिल' हे बर्फ फोडणारे जहाज नव्या मार्गात शिरले. २६ जूनला राणी एलिझाबेथ आणि आयझेनहॉवर 'ब्रिटानिया' या शाही नौकेवरून मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्टच्या लॉकजवळून गेले आणि औपचारिक उद्घाटन झाले.

टोलचे गणित

सीवे चालवायला एक संयुक्त कंपनी कधीच स्थापन झाली नाही. कॅनडाचे प्राधिकरण वेगळे, अमेरिकेचे विकास महामंडळ वेगळे, दोघांचे कर्ज वेगळे, लॉकवरचे कामगार वेगळे. एक होते ते नियमांचे पुस्तक, हंगाम उघडण्या-मिटण्याचे वेळापत्रक आणि टोलचे दरपत्रक. टोलची वाटणी सुरुवातीला ७१ टक्के कॅनडा आणि २९ टक्के अमेरिका अशी ठरली, कारण खर्चाचा वाटाही साधारण तसाच होता. जहाज एका वळणावर अमेरिकेत, पुढच्या वळणावर कॅनडात असते. खलाशाला सरहद्द दिसत नाही, एक नियंत्रण कक्ष जहाज दुसऱ्याच्या हाती देतो तेव्हा फक्त रेडिओवरचा आवाज बदलतो.

१९५४ च्या अमेरिकी कायद्याचा आग्रह होता की सीवेने पन्नास वर्षांत टोलमधून आपले कर्ज फेडावे. विरोधकांना दिलेले हे वचन होते. रस्ते आणि बंदरे सरकारी पैशातून, जलमार्गाने मात्र स्वतःच्या कमाईवर जगायचे. वाहतूक वाढली, पण इतकी नाही. दर वाढवावा तर माल रेल्वेकडे जातो, न वाढवावा तर व्याज भागत नाही. १९७७ मध्ये कॅनडाने आपले बहुतेक कर्ज भांडवलात बदलले. १९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने आपल्या महामंडळाचे सुमारे ११ कोटी डॉलर माफ केले, आणि १९८७ पासून अमेरिका आपल्या वाट्याचा टोल परत करू लागली. त्याऐवजी बंदरांवर येणाऱ्या मालावर कर लावून देखभालीचा पैसा उभा केला. कॅनडाचा टोल चालू राहिला. एकाच पाण्यावर दोन धोरणे, तरीही जहाजे अडली नाहीत. वह्या वेगळ्या होत्या म्हणूनच ते जमले. एकच वही असती तर दरवर्षी भांडण झाले असते.

हौद तेवढाच

सीवेच्या लॉकमध्ये जास्तीत जास्त सुमारे २२५ मीटर लांब आणि २३.८ मीटर रुंद जहाज मावते. १९५० च्या दशकात हे माप मोठे होते. पण लॉक बांधले जात असतानाच, १९५६ मध्ये, माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल-एक्स' या जहाजाने न्यू जर्सीहून टेक्सासला ५८ पेट्या नेल्या आणि कंटेनरचे युग सुरू झाले. पुढे समुद्रावरची जहाजे फुगत गेली. पनामा कालव्यात ३२ मीटर रुंदीची जहाजे जात होती, सीवेत त्यांना प्रवेश नव्हता. शिवाय हिवाळ्यात बर्फामुळे मार्ग सुमारे तीन महिने बंद राहतो. कंटेनरच्या धंद्याला वर्षभराचे वेळापत्रक लागते. त्यामुळे पेट्या मॉन्ट्रियलला उतरून रेल्वेने पुढे जाऊ लागल्या.

सीवेला उरला जड, स्वस्त, घाई नसलेला माल: गहू, लोहखनिज, कोळसा, मीठ, सिमेंट, पोलाद. त्यातही एक सुबक फेरी बसली होती. सरोवरांतले जहाज गहू घेऊन खाली सेत-ईल, बे-कोमोसारख्या बंदरांपर्यंत जाई आणि येताना लोहखनिज भरून आणी. एका फेरीत २५ हजार टनांहून जास्त माल, रिकामी धाव नाही. १९७७ मध्ये एकट्या मॉन्ट्रियल-ओंटारिओ विभागातून ५ कोटी ७० लाख टनांच्या आसपास माल गेला. हाच कळस ठरला. १९८० च्या दशकात अमेरिकी पोलाद धंदा घसरला आणि कॅनडाचा गहू आशियाकडे जाण्यासाठी पश्चिम किनाऱ्याला वळला. १४ ऑक्टोबर १९८५ रोजी वेलंडच्या सातव्या लॉकची भिंत कोसळली आणि कालवा तीन आठवडे बंद राहिला. माल पाठवणाऱ्यांना दुसऱ्या वाटा शोधायला आणखी एक कारण मिळाले. अलीकडे दोन्ही विभाग मिळून साडेतीन ते चार कोटी टनांच्या दरम्यान वाहतूक होते.

मार्ग बांधून झाला की माल आपोआप येतो, या समजुतीचा असा शेवट झाला. १९९८ मध्ये कॅनडाने जुने प्राधिकरण मोडून कारभार नफा न कमावणाऱ्या महामंडळाकडे सोपवला. त्याच्या संचालक मंडळात जहाजवाले, धान्यवाले आणि पोलादवाले आले. गिऱ्हाईकच कारभारात बसले. नवा माल आणणाऱ्याला टोलमध्ये सूट, परदेशांत व्यापारी शिष्टमंडळे, आणि २००३ मध्ये 'हायवे एच-टू-ओ' नावाची संयुक्त विक्रीमोहीम. मुद्दा सोपा होता: ट्रक आणि रेल्वेने गजबजलेल्या पट्ट्याशेजारी निम्मी रिकामी वाट पडून आहे. पवनचक्क्यांची भलीमोठी पाती सीवेने डलूथला येऊ लागली. २०१४ मध्ये क्लीव्हलँड आणि अँटवर्प यांच्यात नियमित मालवाहतूक सेवा सुरू झाली. आकडे पहिल्यासारखे चढले नाहीत, पण घसरण थांबली.

याच काळात सीवेला आपली सर्वांत महागडी चूक निस्तरावी लागली. परदेशी जहाजे तोल राखण्यासाठी तळात पाणी भरून आणत आणि सरोवरांत सोडत. त्या पाण्याबरोबर युरोपातला झेब्रा शिंपला आला. १९८८ मध्ये तो ह्युरॉन आणि ईरी यांच्यामधल्या सेंट क्लेअर सरोवरात सापडला. त्याने पाणीपुरवठ्याचे नळ बुजवले, माशांचे अन्न खाल्ले आणि पुढे सगळीकडे पसरला. त्यावर तोडगा मात्र दोन्ही देशांनी एकमताने काढला. आधी कॅनडाने आणि २००८ पासून अमेरिकी सीवेनेही नियम केला की सागरी जहाजांनी रिकाम्या टाक्यासुद्धा खुल्या समुद्रात खाऱ्या पाण्याने धुऊन यावे. मॉन्ट्रियलला दोघांचे निरीक्षक मिळून टाक्या तपासतात, आणि एकाने तपासलेले जहाज दुसरा पुन्हा अडवत नाही.

परस्परांवर अवलंबून राहण्याचा अर्थ ऑक्टोबर २०२३ मध्ये कळला. कॅनडाच्या लॉकवरचे कामगार आठवडाभर संपावर गेले. अमेरिकेचे दोन लॉक चालू राहू शकत होते, पण त्यांच्या वर आणि खाली सारे बंद असल्यावर त्यांचा उपयोग काय? २०२५ मध्ये पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या आयातशुल्कावरून दोन देशांत मोठा कडवटपणा आला, तेव्हाही हंगाम ठरल्याप्रमाणे उघडला आणि लॉकचे दरवाजे एकाच नियमाने चालत राहिले.

१९५१ मध्ये कॅनडाने 'आम्ही एकटे करू' म्हटले, तेव्हाच भागीदारीची खरी अट ठरली होती: दोघांनाही दुसऱ्याशिवाय चालवण्याचा विचार करता यावा आणि हिशेब मांडल्यावर तो महाग ठरावा. गेली सहा दशके तो हिशेब दरवर्षी नव्याने मांडला गेला आहे आणि दरवर्षी उत्तर तेच आले आहे. करारावरच्या सह्यांपेक्षा सीवे या बेरजेवर जास्त टिकून आहे.